पापापुरतं तेल

शनिवारी मार्गारेटला भांडावं लागे.

हौस म्हणून नव्हे. बाजार आटपून ती वसईच्या पाचूबंदरला परत येई तेव्हा उन्हं कलायला लागलेली असत. पाटीच्या ओझ्याने मान आखडलेली, पायांना वाळू, अंगाला मासळीचा वास. पाटी पालथी घालायची, दोन तांबे पाणी अंगावर घ्यायचं, पेज प्यायची आणि मग अंग टाकायच्या ऐवजी नवऱ्याशी भांडण उकरून काढायचं. तेही वेळेत. संध्याकाळी फादर आल्बर्ट कुमसाराला, म्हणजे लोकांची पापं ऐकायला, बसत. त्याआधी युजीनच्या तोंडून एखादी तरी सणसणीत शिवी गेली पाहिजे.

शिवी नाही गेली तर आठवडाभर तेल नाही.

आणि तेल नाही पोटात गेलं तर युजीनच्या छातीत पुन्हा कळ येईल, अशी तिची समजूत होती. समजूतच. खात्री कुणालाच नव्हती.

*

हिवाळा

युजीन तांडेल, म्हणजे होडी हाकणारा म्होरक्या. बाप तांडेल, आजा तांडेल. सत्तावन्न सालच्या जानेवारीत बोंबलाचं डोल जाळं वर ओढताना त्याच्या छातीत कळ आली आणि डाव्या हातात उतरली. तो खाली बसला. मग आडवा झाला. मुलाने, रॉबर्टने, सुकाणू धरून होडी बंदराला आणली. बोंबलाच्या ढिगाशेजारी होडीचा मालक डोळे मिटून पडला होता.

"मेलेल्या मासळीत जित्ता मानूस," तो पुढे कित्येक दिवस सांगत असे. "आनि लोकांनी आधी मासळी उतरवली."

"वास सुटतो म्हनून," मार्गारेट म्हणे.

"कोनाचा?"

वसईत जगन्नाथ सावे नावाचे डॉक्टर होते. मूळचे वटार गावचे. केळीची बाग भावाच्या हवाली करून त्यांनी दवाखाना घातला होता, पण बोलण्यातून बाग गेली नव्हती. युजीनच्या छातीला नळी लावून ते म्हणाले, "बागेच्या पाटात गाळ धरतो ना, तसं झालंय. काळजाला रक्त नेणाऱ्या नळ्या आतून बुजत चालल्यात."

"मग गाळ काढा," युजीन म्हणाला.

"फावडं जात नाही तिथं."

तंबाखू बंद. दारू बंद. "दारूबंदी आहे नाहीतरी," डॉक्टर म्हणाले. "ती तिकडं मुंबयला," युजीन म्हणाला. ओझं उचलायचं नाही, होडीवर जायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. "मार्गारेटबाई, यांना चिडू देऊ नका. ते तुमच्याकडे."

मग त्यांनी तेलाचं काढलं. मुंबईच्या एका इस्पितळात त्यांचा मित्र होता. त्याने सांगितलं होतं, की परदेशातल्या काही डॉक्टरांना अशी शंका आहे, समुद्रातल्या जनावरांच्या तेलाने रक्तातली चरबी उतरत असावी. नळ्या मोकळ्या राहत असाव्यात.

"कदाचित," डॉक्टर म्हणाले.

"कदाचित म्हंजे?"

"म्हणजे माहीत नाही. म्हणून तर पिऊन बघायचं. रोज एक मोठा चमचा, वर्षभर. कोळीवाड्यात तुमच्यासारखी जी छातीची माणसं आहेत, त्या सगळ्यांना मी सांगितलंय. मुशी तुमच्याच होडीत येते. तेल घरी काढा. मी दर महिन्याला तपासून जाईन."

युजीन खाटेवर उठून बसला. "मुशीचं तेल? डॉक्टर, ते आमी होडीला लावतो."

*

तेल

मुशी म्हणजे लहान शार्क; ती ताजी हवी. बर्फात ठेवलेली नको, कालची नको. पोट फाडल्यावर दोन लांब पाळ्यांचं फिकट काळीज, म्हणजे यकृत, निघतं ते आधी बाहेर काढ. त्याच्यावरचं पित्त फुटू देऊ नको, नाहीतर सगळं कडू. तुकडे कर. पातेल्यात थोडं पाणी घालून मंद विस्तवावर ठेव. उकळू देऊ नको. तेल आपोआप वर येतं. पळीने अलगद काढ, धोतराच्या जुन्या कापडातून गाळ, काळ्या बाटलीत भर, अंधारात ठेव.

होडीचं तेल वेगळं. त्याला एवढे लाड नाहीत. काळजं पिंपात टाकायची आणि उन्हात कुजू द्यायची. आळीतून जाणारा माणूस नाक धरून जातो. पण ते तेल चोपडलं, की लाकडाला कीड लागत नाही.

एकाच मुशीचं एकाच पोटातलं तेल. नाकाला फरक कळतो. जिभेला फारसा नाही, असं पिणारे सांगत.

मार्गारेटने काढलं. गाळलं. भरलं. चव कधी घेतली नाही. तिला कुठे दुखत होतं?

*

राख

कुणीही प्यायलं नाही.

एकाने बाटली दिव्याला वापरली. एकीच्या सासूने ती गुडघ्याला चोळून संपवली आणि गुडघे बरे झाले म्हणून आणखी मागितली. युजीनने बाटली खिडकीत ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून जाळं विणत बसला. "औषध आजारी मानूस घेतो," तो म्हणाला.

"मग तुमी कोन?"

"मी बसलेला तांडेल."

डॉक्टर दमून फादर आल्बर्टांकडे गेले. ते आगाशीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. कोळ्यांच्या गावात बरीच वर्षं काढूनही त्यांना मासळीचा वास सोसत नसे. राखेच्या बुधवारी, उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सगळ्यांच्या कपाळाला राख लावून झाल्यावर ते आल्तारावरून, वेदीपुढे उभं राहून, म्हणाले, "ज्यांना डॉक्टरांनी तेल सांगितलंय त्यांनी या उपासकाळात ते प्रायश्चित्त म्हणून प्यावं. क्रुसावर आपल्या प्रभूला आंब, आंबून गेलेला द्राक्षारस, प्यायला दिली होती. तुम्हाला नुसतं तेल आहे."

त्या संध्याकाळपासून कोळीवाडा तेल प्यायला लागला.

युजीन घरातल्या क्रुसासमोर उभा राही. डोळे मिटी. चमचा तोंडात रिकामा करून तसाच थोडा वेळ थांबे, अंगावर काटा येऊन जाईपर्यंत. वर पाणी नाही. गूळ नाही. मार्गारेटने एकदा गुळाचा खडा पुढे केला, तर त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तिने चर्चच्या पेटीतला पैसा उचलला होता.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी तो चर्चपर्यंत चालत गेला. मधे बांधावर टेकावं लागे, ते लागलं नाही. पायऱ्या चढताना थांबला नाही. तेलामुळे, की तंबाखू सुटल्यामुळे, की आरामामुळे, हे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "वर्ष होऊ दे, मग सांगतो." पण मार्गारेटने त्या रविवारी नवऱ्याची पाठ मागून पाहिली. ती सरळ होती. तिने ठरवून टाकलं. तेलच.

मग ईस्टर आला आणि उपासकाळ संपला.

*

बाटल्या

ईस्टरच्या मिस्सानंतर, सकाळची उपासना आटपल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर बाटल्या मांडलेल्या होत्या. काळ्या, हिरव्या, एक निळी. काहींत अर्धं तेल, काहींत बोटभर. बायकांनी पुसून, बूच घट्ट लावून आणून ठेवल्या होत्या.

"फादर, हे काय?" सणाच्या शुभेच्छा द्यायला आलेले डॉक्टर म्हणाले.

"ईस्टर," फादर म्हणाले.

"मी वर्षभर म्हटलं होतं."

"मी उपासकाळ म्हटलं होतं." फादरांनी कपाळ चोळलं. "चूक माझी. औषध म्हणायला हवं होतं. पण औषध म्हटलं असतं तर कुणी प्यायलं नसतं."

डॉक्टर खालच्या पायरीवर बसले. बाटल्यांकडे बघत राहिले. "तपासायला आता काही राहिलंच नाही," ते म्हणाले. मग उठून गेले.

मार्गारेटने आपली बाटली घरी परत आणली. युजीनने ती पाहिली.

"कशाला आनलीस?"

"अर्धी हाय अजून."

"प्रभू उठला. आता प्रायश्चित्त करायचं म्हंजे तो उठलाच नाय असं म्हनन्यासारखं."

"औषध म्हनून घ्या."

"औषध आजारी मानूस घेतो."

एवढंच. तो चिडलाही नाही. सण होता, घरात गोडाधोडाचा वास होता, तो खुशीत होता. त्याच्या खुशीकडे पाहत तिने बाटली पुन्हा खिडकीत ठेवली. पुढच्या पंधरवड्यात तो पुन्हा बांधावर टेकायला लागला.

*

सांक्रिस्तीत

"फादर, तुमी त्यांना सांगा."

"सांगितलं. हो म्हणाला."

"घरी येऊन नाय म्हनाला."

"मग मी काय करू, मार्गारेट? नरड्यात ओतू?"

"कुमसाराला येतात तेव्हा द्या. प्रायश्चित्त म्हनून."

"कुमसारात मी प्रार्थना देतो. औषध कसं देणार? औषध म्हणजे काही शिक्षा नव्हे."

"तुमी प्यायलंय?"

तिने पदराखालून बाटली काढली आणि चमचा. फादर आल्बर्टांनी सांक्रिस्तीच्या, आल्तारामागच्या त्यांच्या खोलीच्या, दाराकडे पाहिलं. मग घेतलं.  डोळ्यांत पाणी आलं. भिंतीला हात टेकला.

"चालेल," ते म्हणाले.

"मग रोज द्या. पुढच्या ईस्टरपर्यंत."

"असं नसतं. पापाच्या मापानेच प्रायश्चित्त. एका शिवीला एक आठवडा, रोज एक चमचा. त्याच्यावर एक चमचाही दिला तर तो अन्याय. आणि युजीन आता बसून असतो. होडीवर होता तेव्हा मोप शिव्या आणायचा. आता काय आणतो माहितीय? प्रार्थनेत डुलकी लागली." फादरांनी जीभ चावली. "हे मी बोलायला नको होतं. विसर."

"पाप असलं तर द्याल?"

"असलं तर. पण मी पाप कुठून आणू?"

"पापाचं मी बघते."

"मार्गारेट," फादर म्हणाले, "हे मी ऐकलेलं नाही."

*

भांडणं

"मीठ जास्त झालंय म्हनता? तुमच्या आयेच्या हातचं खाऊन जीभ मेलीय तुमची."

"आयेला मधी आनू नको."

"आनीन. ती सुक्या बोंबलात वाळू घालायची. वजन वाढायला."

"तुझ्या—"

(शिवी. एक आठवडा.)

"जाळ्याची ही गाठ कोनी मारली? तुमी? मना वाटलं मांजरानं."

(शिवी. एक आठवडा.)

"शेजारचा पास्कल म्हनत होता, त्याच्या लग्नात तुमी नाचलात तेव्हा मांडव पडला."

"पास्कल खोटारडा, त्याचा बाप खोटारडा, त्याचा—"

(तीन शिव्या. तरी एकच आठवडा; एका दमातल्या, म्हणून एकच पाप. फादर हिशोबाला कडक.)

एका शनिवारी काहीच जमेना. ती म्हणाली, घर झाडलं नाय. तो म्हणाला, झाडतो, आणि खरंच झाडू लागला. ती म्हणाली, कोंबडी उपाशी हाय. त्याने दाणे टाकले. कुमसाराची घंटा व्हायला आली. शेवटी तिने त्याची जपमाळ उचलून आढ्याच्या वाशावर टाकली, त्याचा हात पोचणार नाही अशी. तो बघतच राहिला. मग इतक्या हळू आवाजात, इतकी जुनी, त्याच्या आजाच्या होडीवरची शिवी त्याने दिली, की मार्गारेट मनातून निर्धास्त झाली आणि शिडी आणायला गेली.

हेही शिकावं लागलं. राग छोटा हवा, तांबड्या मुंगीएवढा. चावला पाहिजे, पण अंग सुजता कामा नये. आई चाले, गाठ चाले, पास्कल चाले. होडी चालणार नाही. होडीचं नाव काढायचं नाही, हे तिने पहिल्याच शनिवारी स्वतःला बजावलं होतं.

भांडण झालं, की युजीन सदरा चढवून चर्चकडे निघे आणि ती उंबऱ्यात बसून राही. राग तिला येतच नसे. नसलेला राग आणायचा म्हणजे रिकाम्या होडीला वल्ही मारण्यासारखं. हात मात्र तितकेच दुखतात. तो परत येई, क्रुसासमोर उभा राही, चमचा घेई. तेवढं बघून ती उंबऱ्यातून उठे.

*

जाळीपलीकडे

कुमसाराला तीही जाई. त्याच शनिवारी, तो येऊन गेल्यावर.

"नवऱ्याला मुद्दाम चिडवलं, फादर. त्याच्याकडून पाप करवलं."

"दुसऱ्याला पापात पाडणं हे त्याच्याहून मोठं पाप."

"म्हायतीय."

"पुन्हा करणार नाहीस, असा निश्चय आहे?"

लाकडाच्या जाळीपलीकडे फादरांचा कान दिसत होता. तो थकलेला दिसत होता, जर कान थकलेला दिसू शकत असेल तर.

"पुढच्या शनिवारी करावं लागेल, फादर."

"मग मी क्षमा देऊ शकत नाही. निश्चय नसेल तर क्षमा नाही. हा माझा नियम नव्हे."

"बरं."

"मार्गारेट, क्षमा नाही म्हणजे कम्युनियन नाही."

"बरं, फादर."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी फादरांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही आणि ती उठून आली.

रविवारी चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पुरुष आधी उठत, आल्तारापुढच्या कठड्याशी गुडघे टेकत, फादर एकेकाच्या जिभेवर कम्युनियन, म्हणजे प्रसादाची भाकर, ठेवत पुढे सरकत. मग बायका उठत. मार्गारेट बाकावर बसून राही. शेजारणींना जायला वाट द्यायला पाय आखडून घेई. युजीन तोवर पुढच्या बाकावर तोंड ओंजळीत घेऊन प्रार्थनेत असे. त्याला मागचं दिसत नसे.

बायकांना दिसे. बाकावरच्या शेजारणीने, कॅथरीनने, विहिरीवर विचारलंच, "काय गो, तुझं काय बिनसलंय देवाशी?"

"पोटाचं दुखनं हाय. कम्युनियनआधीचा उपास झेपत नाय."

"एवढं? ईस्टरपासून पाऊस लागला तरी?"

"जुनं हाय."

कॅथरीन दुसऱ्या बाईकडे बघून हसली. या वयात एखादी बाई कम्युनियन सोडते त्याची कोळीवाड्यात दोनच कारणं धरली जात, आणि दोन्ही चांगली नव्हती. मार्गारेटने घागर उचलली. लहानपणी फुलांचा मुकुट घालून तिने पहिलं कम्युनियन घेतलं होतं; तेव्हापासून बाळंतपणं सोडली तर तिचा रविवार चुकला नव्हता. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले, की देवाला काय सांगावं ते सुचत नसे. ती म्हणे, तुला दिसतंय ना. आणि झोपून जाई.

*

होडी

पाऊस सरत आला. वर ओढून ठेवलेल्या होड्या झावळ्यांखालून बाहेर निघाल्या. रॉबर्ट पिंपातलं कुजकं तेल होडीला चोपडत होता आणि युजीन पायरीवर बसून त्याला चुका सांगत होता. खाली लाव. फळीच्या सांध्यात बोट घाल. अरे, दोन हात दे, काय पावाला लोणी लावतोयस?

शनिवार होता. मार्गारेट बाजारातून आली. उकाडा असह्य होता, सुकी मासळी अर्धी परत आणावी लागली होती, आणि डोक्यात भांडणाचा एकही विषय नव्हता. मीठ झालं होतं. आई झाली होती. पास्कल चार वेळा झाला होता. तिने पाटी टेकली आणि जे तोंडाला आलं ते बोलून गेली.

"बोलू नका त्याला. तुमच्यापेक्षा बरी चालवतो तो होडी. तुमी गेल्यापासून एक जाळं फाटलं नाय."



ती वाट बघत राहिली. आता शिवी येईल. आली नाही. युजीनचा चेहरा चुन्यासारखा झाला. उजवा हात छातीवर गेला, मग तो पायरीवरून हळूच एका अंगाला झुकला.

डॉक्टर आले, सुई टोचली. संध्याकाळपर्यंत श्वास जागेवर आला. हात धुताना डॉक्टर म्हणाले, "कुणी चिडवलं यांना?"

"मी."

"मी काय सांगितलं होतं?"

"तेलासाठी," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. शनिवार, शिव्या, चमचे. डॉक्टर ऐकताना एकदा हसायच्या बेतात आले, पण हसले नाहीत. तिथल्याच स्टुलावर बसले.

"मार्गारेटबाई," ते म्हणाले, "तेलाचं मला अजून माहीत नाही. रागाचं माहीत आहे."

*

रविवार

युजीनला उठायचं नव्हतं, म्हणून फादर प्रसाद घेऊन घरी आले. पुढे मेणबत्ती धरून रॉबर्ट. घरातली सगळी गुडघ्यांवर. फादरांनी युजीनच्या जिभेवर भाकर ठेवली. मग रॉबर्टला दिली. मग ते वळले.

मार्गारेट खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून होती. फादर तिच्यापाशी क्षणभर थांबले आणि पुढे गेले. डबी मिटली.

"हिला?" युजीन म्हणाला.

 जे कुमसारात ऐकलं ते फादरांना बाहेर बोलता येत नव्हतं. मेणबत्ती विझवायला त्यांनी उगाच वेळ लावला आणि गेले.

"तुला का नाय?"

"काय नाय. तुमी पडा."

तो पडला. आढ्याकडे बघत. वाशावर, जिथे जपमाळ अडकली होती तिथे, अजून धुळीत रेघ होती. आठवडाभर तो जाळंही विणत नव्हता. नुसता पडून होता आणि पडल्या पडल्या मागचं एकेक आठवत होता. बुधवारी ती पाटी उचलत होती तेव्हा तो अचानक म्हणाला, "अगो, तू सोमवारी कंदी भांडली नायस."

"सोमवारी मासळी मोप असते."

"गुरुवारी पन नाय."

ती पाटी डोक्यावर ठेवून बाहेर पडली.

*

शनिवार

ती आली. पाटी पालथी घातली. पाणी घेतलं. पेज प्यायली नाही. भिंतीला टेकून पाय पसरून बसली. घंटेला वेळ होता.

"मीठ कमी होतं आज," युजीन म्हणाला.

"असेल."

"भात पन लागला होता."

"हं."

"माझी आये असा भात कुत्र्याला नाय घालायची."

तिने डोळे मिटले. "बरोबर हाय," ती म्हणाली. "तिच्या हाताला चव होती."

तो खाटेवरून उतरला. भिंतीला धरून उठला, खिडकीपाशी गेला, बाटली घेतली. चमचा घेतला. क्रुसासमोर गेला नाही. तिथेच, खिडकीत, उजेडात उभा राहून चमचा भरला.

मार्गारेटने डोळे उघडले. "तुमी कुमसाराला गेलाच नाय अजून. कसलं प्रायश्चित्त?"

"कसलं नाय. औषध."

"औषध..." ती म्हणाली.

"बोल ना. औषध आजारी मानूस घेतो." त्याने चमचा तोंडात रिकामा केला, गिळलं. "तर घेतलं. रोज घेईन. रॉबर्टला सांग, मी होडीवर येत नाय. यंदा नाय, पुढं पन बघू. तांडेल तोच." एवढं बोलायला त्याला खाटेवर बसावं लागलं. "आता ऊठ. आनि चर्चला जा."

"मी दमलेय."

"दिसतंय. जा."

ती गेली. जाळीपलीकडे तोच कान.

"पुन्हा करणार नाहीस?"

"नाय, फादर."

"निश्चय आहे?"

"अंगात ताकदच नाय आता."

"ताकदीचं विचारत नाही मी."

"नाय करनार. त्यांनी आपनहून घेतलं."

 पलीकडे फादरांनी घसा साफ केला, लॅटिनमध्ये क्षमेचे शब्द म्हटले आणि प्रायश्चित्त सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज फार गंभीर होता.

घरी येऊन तिने सरळ हात पुढे केला.

"चमचा."

"कशाला?"

"द्या म्हनते ना. फादरनी दिलंय. आठवडाभर."

युजीनने तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच बाटली उघडली, काठोकाठ चमचा भरला आणि हात हलू न देता तिच्यापुढे धरला. तिने क्रुसाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि घेतलं.

पिंप, उन्हात तापलेली होडी, ओलं लाकूड, रक्त, पुन्हा पिंप. ते जिभेवरून जाईना. तिने तोंडावर पदर धरला. डोळ्यांतून पाणी आलं. ईस्टरपासून आतापर्यंत दर आठवड्याला, स्वतःच्या हाताने गाळून, तिने हे या माणसाला पाजलं होतं.

"अवो," तिला कसंबसं बोलता आलं, "हे तुमी... पानी द्या. गूळ कुठं हाय?"

त्याने फळीवरून गुळाचा डबा काढला. एक खडा उचलला आणि आपल्या तोंडात टाकला. वर तांब्याभर पाणी प्यायला, सावकाश, मिशा पुसत.

"माझं औषध हाय," तो म्हणाला. "तुझं प्रायश्चित्त. तुला पानी चालत नाय."